भरदुपारी लावलेला दिवा

ज्यांच्या नजरेच्या मधोमध डाग पडला आहे आणि ज्यांनी तो अद्याप चारचौघांपासून लपवून ठेवला आहे, अशांच्या माहितीसाठी मी हा मजकूर लिहीत आहे. मजकूर लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. भाईंदरमध्ये सरकारी कचेरीबाहेर, पत्र्याच्या शेडखाली, गेली सव्वीस वर्षे माझे अर्ज लिहिण्याचे टेबल आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणास्तव आजवर कोणी परत केलेला नाही, ही गोष्ट प्रारंभीच नमूद करतो. लोक मला वकीलसाहेब म्हणतात. मी वकील नाही. परंतु लोकांच्या तोंडी बसलेला शब्द दर वेळी दुरुस्त करीत राहणे मला प्रशस्त वाटत नाही.

शेजारच्या टेबलावर परब नावाचे गृहस्थ संगणकावर अर्ज टाइप करून देतात. त्यांच्याकडे काम झटपट होते. तरीही पाली, तारोडी या किनाऱ्याकडच्या गावांतली माणसे माझ्याकडे येतात, त्याचे कारण माझी पद्धत. अर्ज लिहून झाला की मी तो अर्जदाराला पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचून दाखवतो. मगच खाली 'वाचून दाखविले, समजले, मान्य' असे लिहितो आणि सही किंवा अंगठा घेतो. ज्याला अक्षर येत नाही, त्याच्यापाशी स्वतःच्या कागदाची खात्री करण्यासाठी माझ्या आवाजाखेरीज दुसरे काही नसते. माझ्या आजाराने घाव घातला तो नेमका या वाचण्यावर. मला पुन्हा खरोखरीचे वाचता येईल की टेबल उचलावे लागेल, एवढाच प्रश्न गेले वर्षभर माझ्यापुढे होता.

तीन चष्मे

प्रथम अक्षरांची पोटे गेली. 'घ' आणि 'ध' सारखेच दिसू लागले. मग आखीव कागदाच्या रेघा मध्येच वाकू लागल्या, जणू कोणी खालून काडी सरकवली आहे. मी चष्मा बदलला. तीन महिन्यांत तीन चष्मे झाले आणि तिन्ही चष्मेवाले अडाणी आहेत, असे मी घरी जाहीर केले.

यानंतर माणसांची तोंडे जाऊ लागली. समोर अर्जदार बसला की त्याचे कान दिसत, केस दिसत, खांदे दिसत. मधला चेहरा मात्र ओल्या बोटाने पुसल्यासारखा. ज्याच्याकडे पाहावे तोच नाहीसा होतो, आणि ज्याच्याकडे पाहू नये तो अंधूक का होईना दिसतो. मान वळवली तर डागही वळतो. खोलीत कोंडलेल्या माणसाला निदान भिंतीकडे पाठ करून बसता येते. मला ती सोय नव्हती.

हात मात्र पूर्ववत चालत होता. सव्वीस वर्षांच्या सवयीने तो ओळ धरून लिहीत जाई. पाहणाऱ्यास वाटे, वकीलसाहेब ठणठणीत आहेत. मी लिहू शकत होतो. लिहिलेले वाचू शकत नव्हतो.

लेखी द्या

पत्नी लता मला महामार्गाकडच्या एका नेत्ररुग्णालयात घेऊन गेली. घेऊन गेली असे लिहिताना आजही जड जाते, परंतु वस्तुस्थिती तशीच आहे. डोळ्यांत थेंब घालून दोन तास बसवले. नंतर तरुण डॉक्टरांनी प्रकाशाचा एक बारीक झोत डोळ्यात रोखून ठेवला.

"शुगर किती वर्षं आहे, काका?"

"आहे थोडीफार," मी म्हणालो.

"बारा वर्षं," लता म्हणाली. "गोळ्या दिल्या तर घेतात. नाही दिल्या तर आठवणीत राहत नाहीत. बाकी सगळ्या गावाचे सर्व्हे नंबर पाठ आहेत."

डॉक्टर म्हणाले की बिघाड डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आहे आणि मधोमध सूज आहे. मी त्यांना चष्म्याचा योग्य नंबर देण्याविषयी विनंती केली.

"चष्म्याने होणार नाही हे. जे गेलंय ते परत येईलच असं नाही सांगता येत. जे आहे ते टिकवायचं. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील."

"हे मला लेखी द्या," मी म्हणालो.

त्यांनी दिले. मी तो कागद हातात धरला, चष्मा सारखा केला, गंभीरपणे वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि घडी घालून खिशात ठेवला. त्यातले एक अक्षर मला दिसले नव्हते. परतताना रिक्षात लताने तो माझ्या खिशातून काढून घेतला आणि वाचू लागली. काशीमीऱ्याच्या सिग्नलला चहूबाजूंनी ट्रक उभे होते, त्यांचे भोंगे चालू होते, आणि तरीही मी तिला आवाज खाली कर असे सांगितले. रिक्षावाल्याला कळेल म्हणून.

कागदाच्या तळाशी एक ओळ होती: रुग्णास मंद दृष्टी विभागात पाठवावे. "हे काय असेल?" तिने विचारले. मी म्हणालो, ते अंधांसाठी असते, आपला संबंध नाही.

सुई

सुईविषयी जास्त लिहीत नाही. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी एवढे जाणावे की कल्पनेतली सुई खऱ्या सुईपेक्षा पुष्कळ मोठी असते. हिरवी टोपी घालतात, ज्या डोळ्यात टोचायचे त्याच्या वर भुवईपाशी चिकटपट्टी लावतात आणि बाकावर रांगेने बसवतात. माझ्या शेजारी एकदा एक निवृत्त बसचालक होते. ते म्हणाले, "आपण सगळे पार्सलसारखे दिसतोय. पत्ता चिकटवलेले."

आत टेबलावर झोपवल्यावर तोंडावर कापड येते आणि एकच डोळा उघडा राहतो. हलायचे नाही, बोलायचे नाही, डोळा मिटायचा नाही. ज्या माणसाने जन्मभर इतरांच्या वतीने तक्रारी लिहिल्या, त्याला त्या क्षणी स्वतःच्या वतीने 'थांबा' एवढेही म्हणता येत नाही. पहिल्या खेपेस माझे पाय आपोआप टेबलाच्या कडेकडे सरकू लागले. तेथल्या वॉर्डाच्या मावशींनी, कोणी न सांगता, चादरीवरून माझा घोटा धरला. "झालंच हां," त्या म्हणाल्या. झाले नव्हते, पण त्यांनी घोटा सोडला नाही. त्यांचा चेहरा मला आजही माहीत नाही; मला तो दिसतच नाही. हात मात्र ओळखीन.

पाठांतर

टेबलावर मी कोणाला काही सांगितले नाही. एक युक्ती मला साधली होती. अर्जदार जे सांगे ते मी नीट ऐकून ठेवी, मनात वाक्ये बांधी आणि लिही. मग कागद डोळ्यांसमोर धरून तीच वाक्ये घडाघडा म्हणून दाखवी. नजर ओळीवरून फिरवल्यासारखी करी, मध्येच थांबून स्वल्पविरामाचा ठसका देई. माझी स्मरणशक्ती उत्तम आहे. अर्जदार मान डोलावत. मी खाली 'वाचून दाखविले' असे लिही.

लताला संशय आला. ती घरी शिवणकाम करते. कापडाचा खोटा रंग तिच्या बोटांना कळतो, मग माझा न कळायला काय झाले? एक दिवस ती म्हणाली, "मी येऊन बसते टेबलाशी. तुम्ही लिहा, मी वाचून देते."

"लोकांचे खासगी मजकूर असतात," मी म्हणालो. "ते तिऱ्हाइताच्या कानी जाणे योग्य नव्हे."

"लोकांचं खासगी घेऊन मला काय करायचंय? मला तुमचं खासगी पुरे झालंय. चोवीस तास घरात खोटं बोलणारा माणूस सांभाळते मी."

पुढे चार दिवस आमचे बोलणे जेवणापुरते होते. दोन खोल्यांच्या घरात अबोला धरायला जागा नसते. ती मशीनवर बसे, मी खिडकीशी. खिडकीबाहेरचा उजेड डोळ्यांना बोचे आणि आतला पुरत नसे. दिवसभर मी या दोहोंच्या मध्ये अडकलेला असे.

पहिला दिवा

अखेर मी ठरवले की दोष उजेडाचा आहे. स्टेशनकडच्या एका विजेच्या सामानाच्या दुकानात गेलो, एकटाच, आणि सर्वांत प्रखर असा वाचनाचा दिवा दाखवा म्हणालो.

"साहब, ये लो," दुकानदार म्हणाला. "ऑपरेशन थिएटर जैसा लाइट है. चींटी का पैर दिखेगा."

दिवा भव्य होता. पितळी रंगाचा खांब, वर पांढऱ्याशुभ्र उजेडाची हातभर पट्टी. एखाद्या बॅरिस्टरच्या मेजावर शोभावा असा. मी चाचणी म्हणून खोक्यावर छापलेली अक्षरे वाचून पाहिली. वाचता आली. ती बोटभर उंचीची होती, ही बाब मी विचारात घेतली नाही. दिवा घेणाऱ्या प्रत्येकास माझी विनंती आहे की दुकानात जाताना स्वतःच्या रोजच्या वाचनाचा कागद सोबत न्यावा. मी अर्जदारांना 'मूळ कागद आणा, झेरॉक्स चालणार नाही' असे सव्वीस वर्षे बजावत आलो, आणि स्वतःच्या डोळ्यांच्या बाबतीत खोक्यावर विसंबलो.

घरी तो लावला तेव्हा कागदाची चुन्याने सारवलेली भिंत झाली. अक्षरे त्या पांढऱ्यात बुडून गेली. टेबलावर काच होती, तिच्यातून उजेड उलटा डोळ्यात घुसे. डोळ्यांतून पाणी वाहू लागले. लताने विचारले, "दिसतंय का?"

"उत्तम," मी म्हणालो.

दिव्याला वायर होती आणि आमच्या शेडखाली विजेची सोय नाही. तेव्हा तो टेबलावर नेण्याचा प्रश्नच नव्हता. रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी मी तासभर त्या उजेडात बसून वाचण्याचे नाटक करी, आणि डोळे पुसत बाहेर पडे.

दोनशे तेरा

याच दिवसांत पालीच्या रोझीबाय आल्या. मासळी विकणाऱ्या, वर्षापूर्वी नवरा वारलेला. पालीकडच्या बायका लहानथोर सर्वांशी एकेरीतच बोलतात; त्यात अनादर नसतो.

"वकीलसायब, घरपट्टीवर माजा नाव लावाचा हाय. घर नंबर दोनशे तेरा. आजून सासऱ्याच्याच नावावर हाय बग."

त्यांनी घरपट्टीचे बिल पुढे केले. मी ते डोळ्यांशी नेले. आकडे इंग्रजी आणि बारीक. त्यांनी तोंडाने दोनशे तेरा सांगितले होते, परंतु छापील कागद हाच प्रमाण असा माझा नियम आहे. कागदावर मला शेवटचा आकडा आठ भासला. हाताने कागदाचे ऐकले आणि दोनशे अठरा लिहिले. नंतर मी अर्ज वाचून दाखवला, म्हणजे म्हणून दाखवला. आणि स्मरणात रोझीबायचा आवाज होता, सबब तोंडातून दोनशे तेरा बाहेर पडले. त्यांनी मान डोलावली आणि सही केली. मी खाली ते वाक्य लिहिले.

दोनशे अठरा हे त्यांच्या जावेचे, फिलूबायचे घर. तेही अजून त्याच सासऱ्याच्या नावावर असल्यामुळे कचेरीतल्या कोणालाही वावगे वाटले नाही. रीतसर नोटीस निघाली आणि फिलूबायच्या दाराला चिकटली: सदर घर रोझीबायच्या नावे करण्याबाबत हरकत असल्यास कळवावे.

दोघी जावा माझ्या टेबलाशी आल्या त्या एकमेकींपासून दहा पावलांचे अंतर राखून.

"ही बग, ही!" फिलूबाय नोटीस टेबलावर आपटून म्हणाल्या. "माज्या घराच्या दारावर माज्या घराचा कागद! एका चुलीवरचा जेवलो आमी, आन ही माजा घर खायाला निंगाली!"

"मी न्हाय गं बाय," रोझीबाय म्हणाल्या. "मी दोनशे तेरा बोल्ली. वकीलसायब, तू पन दोनशे तेराच वाचलास. माज्या कानांनी आयकला मी. सांग हिला."

मी अर्जाची प्रत हातात घेतली. मला कागदावर राखाडी डागाखेरीज काही दिसत नव्हते. शेवटी परबांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिले आणि हळूच म्हणाले, "अठरा लिहिलंय, साहेब."

रोझीबायने मान माझ्याकडे वळवली. मला त्यांचे कानच दिसत होते. मग त्या म्हणाल्या, "मना आकडा वाचता येतो रं. मासली इकते मी, आकडा येनार न्हाय? पन तू वाचत व्हतास, म्हनून मी कागद बगितलाच न्हाय."

माझ्या आजाराच्या अख्ख्या हकिगतीत याहून खोल कोणतीही सुई मला लागलेली नाही.

फिलूबाय निघून गेल्या. त्या दिवसापासून दोन्ही घरांमधले जाणेयेणे बंद झाले. परब चांगुलपणाने म्हणाले, "टेन्शन घेऊ नका. मी दुरुस्तीचा अर्ज टाइप करतो. लेखनदोष म्हणून टाकू. सगळे तेच टाकतात." मी त्यांना थांबवले. लेखनदोष झाला होता हे खरे. परंतु दोष लेखनापाशी संपत नव्हता. तो पकडण्यासाठीच तर वाचून दाखवायचे असते.

शिवणयंत्र

घरी येऊन मी लताला सर्व सांगितले. मला वाटले होते ती बोलेल. तिने कपाटातून रुग्णालयाचा तो जुना कागद काढला आणि म्हणाली, "उद्या जायचं."

मंद दृष्टी विभागात एक मॅडम होत्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला कोणी विचारला नव्हता. "काका, घरात सगळ्यात बरं कुठे दिसतं तुम्हाला?"

उत्तर लताने दिले. "माझ्या मशीनवर. मी आंघोळीला गेले की हे तिथे बसून औषधाच्या बाटल्या वाचतात. यांना वाटतं मला माहीत नाही."

मॅडम हसल्या. "बरोबर करतात. मशीनचा दिवा केवढासा असतो, पण सुईच्या डोक्यावर असतो. उजेड कापडावर पडतो, डोळ्यात नाही. तुम्हाला मोठा दिवा नको, काका. जवळचा हवा."

त्यांनी जे सांगितले ते मी इतरांसाठी येथे देतो. दिवा डोळ्यांच्या पातळीखाली यावा. त्याला चहूबाजूंनी झाकण असावे, म्हणजे बल्ब आपल्याला दिसणार नाही. मान हवी तशी वळावी आणि वळवली तेथे राहावी. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने तो डावीकडे ठेवावा, नाहीतर हाताची सावली अक्षरावर पडते. उजेड कमीजास्त करता यावा. कोणाला पांढरा मानवतो, कोणाला पिवळसर, हे ज्याचे त्याने आपल्या कागदावर पाहावे. त्यांनी मला काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खाच पाडून दिली. ती कागदावर ठेवली की तेवढी एकच ओळ उघडी राहते आणि बाकीचा पांढरेपणा डोळ्यावर येत नाही. आणि टेबलावरची काच काढा म्हणाल्या. त्या काचेखाली माझे आणि एका माजी नगरसेवकांचे छायाचित्र आहे, हे मी त्यांना सांगितले. "फोटो भिंतीवर लावा," त्या म्हणाल्या.

शेवटी त्यांनी वाचायला शिकवले. पन्नाशी ओलांडलेल्या अर्जनवीसाला वाचायला शिकवले, हे मी जाणूनबुजून लिहीत आहे. शब्दाकडे थेट पाहायचे नाही. त्याच्या किंचित वर पाहायचे, म्हणजे डाग वर जातो आणि शब्द त्याच्या काठाखालून दिसतो. पहिल्या दिवशी मला एक ओळ वाचायला किती तरी वेळ लागला आणि मानेला घाम फुटला. दर दोन शब्दांनी डोळा सवयीने शब्दावरच जाई आणि शब्द बुडे.

दिवा घेताना या वेळी लता सोबत होती, आणि माझ्या हातचा एक जुना अर्ज. त्याच दुकानात आम्ही सात दिवे लावून पाहिले. एकाची मान ढिली, एकाचा बल्ब उघडा, एकाचा उजेड निळसर आणि थंड. ज्या दिव्याखाली मला माझे स्वतःचे अक्षर आजारानंतर प्रथमच नीट दिसले, तो मुलांच्या अभ्यासाचा होता. गुलाबी, वर सशाचे दोन कान. चार्ज करून कोठेही नेता येणारा.

"दुसरा रंग?" मी विचारले.

"ये पीस में सिर्फ पिंक, साहब."

"कान निघतात का हे?"

"कान में ही तो स्विच है."

लता तोंडाला पदर लावून उभी होती. बऱ्याच महिन्यांनी मी तिचे हसणे ऐकले. मी दिवा घेतला.

शेडखाली

घेतला खरा, परंतु तीन दिवस तो पिशवीतून बाहेर काढण्याचे धैर्य मला झाले नाही. घरात दिवा लावणे निराळे. भर दुपारी, रस्त्यावर, शंभर माणसांदेखत टेबलावर दिवा लावणे म्हणजे 'या माणसास दिसत नाही' अशी पाटी स्वतःच्या गळ्यात अडकवणे. न लावावा तर खोटे वाचायचे, लावावा तर अर्जदार उठून जायचे. दोन्ही बाजूंनी दार बंद. लोकांना वाटते की दृष्टी अधू झाली म्हणजे अंधार कोंडतो. मला तर उजेडानेच कोंडले होते.

चौथ्या दिवशी मी निरोप पाठवून दोघी जावांना बोलावले. फिलूबाय येतील असे वाटले नव्हते. आल्या, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

मी दिवा काढला, डावीकडे ठेवला आणि सशाचा कान दाबला.

"काय हो वकीलसाहेब," पलीकडच्या एका टेबलावरून आवाज आला, "भर दुपारी दिवा? दिवाळं निघालं की काय?"

दोन-तीन जण हसले. परब हसले नाहीत. मी खुलासा लिहायला घेतला. जन्मभर मी इतरांच्या वतीने 'मी खाली सही करणार' असे लिहिले. हा पहिला कागद माझ्या स्वतःच्या नावाचा होता. त्यात मी लिहिले की अर्जदार महिलेने घराचा क्रमांक दोनशे तेरा असा बरोबर सांगितला होता. अर्जलेखकाने तो चुकीचा लिहिला. अर्जलेखकाची दृष्टी अधू असून त्याने ही बाब लपवली. आणि त्याने सदर अर्ज वाचून दाखविला नाही, तोंडपाठ म्हणून दाखविला.

मग तो वाचून दाखवला. काळा पुठ्ठा एकेक ओळ खाली सरकवत, शब्दाच्या वर पाहत, अडखळत, मागे जात. पूर्वी मी पाच मिनिटांत वाचला असता तो मजकूर मला अर्धा तास पुरला. 'लपवली' या शब्दापाशी 'ल' दिसेना, तेव्हा मी थांबलो आणि दिव्याची मान खाली ओढली. मध्यंतरी एक गृहस्थ माझ्याकडे अर्ज घेऊन उभे होते, ते निमूटपणे परबांच्या टेबलाकडे गेले. मी त्यांची पावले ऐकली आणि पुढची ओळ घेतली.

संपल्यावर रोझीबायने कागद स्वतःकडे ओढला, आकड्यावर बोट ठेवून तो पाहिला आणि मगच 'समजले, मान्य' या शब्दांखाली सही केली. मला ते लागले, आणि योग्यही वाटले.

फिलूबाय उठल्या नाहीत. "झाला न्हवं हिचा?" त्या म्हणाल्या. "आता माजा लिव. मना पन माजा घर माज्या नावावर पायजे. आजून कुनी नोटीस लावाया नको."

"फिलूबाय, मला फार वेळ लागतो आता," मी म्हणालो. "परबांकडे दहा मिनिटांत होईल. ते चुकणार नाहीत."

"मना घाई न्हाय. सकाळीच बाजार उरकून आलंय मी." त्यांनी आपले बिल दिव्याखाली सरकवले. "घराचा नंबर तुना आता झोपेत पन येईल. तो सोड. त्याच्याखाली लांबडा नंबर हाय, तो वाच. मी सांगनार न्हाय. रोझे, तू पन गप ऱ्हा."

दोघींची डोकी बिलावर वाकली होती. इतक्या जवळ की माझ्या कागदावर दोघींची मिळून एकच सावली पडली, आणि मला त्यांना मागे सरकायला सांगावे लागले.

मी वाचू लागलो. फिलूबायचे जाड, मिठाने चिरलेले बोट प्रत्येक आकड्याखाली चालत होते. दोन. शून्य. शून्य. सात. चार. पुढच्या आकड्याशी मी थांबलो. तो तीन असेल, नाहीतर आठ. अंदाजाने एक म्हणून टाकावा आणि पुढे जावे, ही सवय माझ्या जिभेवर तयार उभी होती.

"थांबा," मी म्हणालो. "दिसत नाही."

बोट तेथेच राहिले. मी उजेड थोडा कमी केला, दिवा आणखी खाली आणला, कागद किंचित तिरपा केला आणि आकड्याच्या वरच्या कोऱ्या जागेकडे पाहत राहिलो. डाग वर सरकला. खालून एक वळण दिसले, मग दुसरे. दोन्ही डावीकडून उघडी होती.

"तीन," मी म्हणालो.

फिलूबाय होय म्हणाल्या नाहीत की नाही म्हणाल्या नाहीत. त्यांनी बोट पुढच्या आकड्याखाली नेले.